लोभ की जमिनीची भूक?

वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकांत 'गुंतवणूकदार' नावाचा एक माणूस भेटतो. त्याला जात नाही, गाव नाही, सावकार नाही. वय, उत्पन्न, शिक्षण आणि जोखीम घेण्याची तयारी एवढ्या चार खणांत तो मावतो. अनिश्चित काळात त्याचा निर्णय चुकला की पुस्तक निदान करते: अज्ञान, भीती, लोभ. भद्रावतीत माझ्या वर्गात कोळसा खाणींत कंत्राटावर राबणाऱ्यांची मुले बसतात. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. पुस्तकातला हा माणूस आमच्यापैकी कोणाच्याही वस्तीत राहत नाही.

या मांडणीला डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या निबंधाचा आधार दिला जातो. लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक जाणवते, हा त्यांचा सिद्धान्त मोलाचा आहे. पण त्यांनी प्रश्न विचारले ते विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना, तेही काल्पनिक रकमांचे. आणि त्या रकमांचे वजन कळावे म्हणून तिथल्या कुटुंबाचे मासिक उत्पन्नही नोंदवले. माझ्या हातातल्या पुस्तकांनी सिद्धान्त उचलला आणि ही नोंद गाळली. त्यामुळे तोटा ही केवळ मनाची वेदना उरली. ज्याच्या पाठीशी वडिलोपार्जित काहीच नाही, त्याच्या घरी तोटा म्हणजे मुलीचे शिक्षण थांबणे होय.

पी.ए.सी.एल. कंपनीचे प्रकरण पाहा. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने तिला पैसे परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा आकडा होता सुमारे ५ कोटी ८५ लाख गुंतवणूकदार आणि ४९,१०० कोटी रुपये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. लोढा समिती नेमली गेली. पांढरपेशे 'लोभ' म्हणून मोकळे झाले. पण कंपनीने पैसा गोळा केला कशाच्या नावाने? शेतजमिनीच्या! भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह उभारले. ज्या समाजाने ते लढे लढले, त्याला 'जमीन' हा शब्द काय सांगतो, हे लोभाच्या खणात बसत नाही. शिवाय अशा योजनांचा एजंट ओळखीचा, नात्यागोत्यातला असतो. तो दारात येतो. बँक दारात येत नाही.

सेबीची नोंदणी आहे का, हे विचारायला आपण शिकवलेच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला. रुपया उतरला की लाभ होतो तो 'देशाला' नव्हे, तर एका वर्गाला, आणि तोही मजुरीची क्रयशक्ती घटवून, हे त्यांनी दाखवले. अनिश्चितता सर्वांवर सारखी कोसळत नाही, हाच त्याचा अर्थ.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन वस्तीत जाल, तेव्हा 'तुमची जोखीम घेण्याची तयारी किती?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: घरात जमीन किती, कर्ज कोणाचे, आजारपणात पैसा कुठून येतो? या उत्तरांतच त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असेल.