दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट

खान्देशात ‘बोंड’ म्हटलं की कापसाचंच. त्यामुळे ‘साबर बोंडं’ हे सिनेमाचं नाव जळगाव-धुळ्याच्या माणसाला आधी चकवतं. ही बोंडं निवडुंगाची; वर काटे, आत लालभडक गोड गर. रोहन परशुराम कानवडे यांच्या या सिनेमात मुंबईचा आनंद वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस काढायला गावी येतो. पाहुणे डोळे पुसतात आणि त्याच दमात त्याच्या लग्नाचं विचारतात. या गराड्यात त्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती बाळ्याजवळ, लहानपणच्या मित्राजवळ. २०२५च्या सनडान्स महोत्सवात या सिनेमाला जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि मराठीत समलिंगी प्रेम पहिल्यांदाच आलं असा सूर लागला. तो खरा नाही. बाईचं बाईवरचं प्रेम मराठी रंगभूमीला चांगली चार दशकं ठाऊक आहे. नवं एवढंच, की या वेळी मराठी पडद्यावर गोष्ट ज्याची त्यानं सांगितली.

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली मित्रा ही कॉलेजातली मुलगी नमा या दुसऱ्या मुलीवर जीव टाकते आणि शेवटी जीव देते. काळाच्या मानानं हे धाडस मोठं होतं. पण नाटक सांगतो कोण? बापू, तिचा मित्र. मित्राची घुसमट आपल्यापर्यंत पोचते ती त्याच्या अपराधी, हळहळत्या आवाजातून. नाव तिचं आणि निवेदन त्याचं, ही मांडणी पुढं आपल्या अंगवळणी पडली.

लगेच पुढच्या वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर बेतलेल्या या सिनेमात महिलाश्रमाची अधीक्षक झाली होती स्मिता पाटील, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक; म्हणजे धुळे जिल्ह्याचीच. आश्रमातल्या दोन बायकांचं नातं उघडकीला येतं तेव्हा इतरांना त्याची किळस वाटते. स्मितानं रंगवलेली ही अधीक्षक, सुलभा महाजन, त्यांच्यापेक्षा कितीतरी समंजस. पण तिचीही धाव मानसोपचारापर्यंतच. घर सोडून बाहेर पडलेल्या बाईचा एवढा मोठा सिनेमा, आणि त्या दोघींना मात्र त्यात स्वतःचं म्हणणं मांडायला जागा नाही. एकीकडे मरण, दुसरीकडे उपचार. सहानुभूती दोन्हीकडे आहे, स्वीकार कुठंच नाही.

‘मी’ म्हणून बोलणारा आवाज आला तो कादंबरीतून. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) घरात राहायला आलेल्या एकाच पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. तो निघून गेल्यावर दोघं आपापलं सांगतात. भावाला, तनयला, स्वतःविषयी शंका नाही. त्याचं दुःख प्रेमभंगाचं आहे, कुणाच्याही प्रेमभंगासारखं. पण २०२२ मध्ये कुंडलकरांनीच सिनेमा केला तेव्हा गोष्ट पुण्यातून केरळात गेली आणि पात्रं हिंदी-इंग्रजी बोलू लागली. मराठी घरात लिहिलेलं दुःख पडद्यावर यायला भाषेचं घर सोडून गेलं. रवी जाधवांनी तेंडुलकरांच्या नाटकातल्या मित्राला ‘मित्रा’ या लघुपटात पुन्हा बोलावलं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. पण काळ निवडला १९४७चा. आजचा मराठी माणूस त्यातूनही सुटलाच.

थायलंडचा सिनेमा इथं आठवतो. तिकडे सुरुवात हसण्यातून झाली. लाम्पांग प्रांताच्या व्हॉलीबॉल संघावरचा ‘आयर्न लेडीज’ (२०००) धो धो चालला. अपिचातपोंग वीरासेताकुन यांनी ‘ट्रॉपिकल मॅलेडी’त (२००४) शिपाई आणि खेड्यातला पोरगा यांचं प्रेम थेट जंगलात, वाघाच्या लोककथेत नेऊन सोडलं. ‘लव्ह ऑफ सियाम’ (२००७) दोन पोरांचं प्रेम सांगता सांगता हरवलेल्या मुलीसाठी झुरणारं घर दाखवतो. पुढं तिथं गोऱ्यागोमट्या पोरांच्या प्रेममालिकांचा कारखानाच सुरू झाला, तो भाग वेगळा. पण घरातल्या शोकाच्या आडोशानं प्रेम बोलतं करायची ती युक्ती ‘साबर बोंडं’ला जवळची आहे. कानवडे यांनी ती उसनी घेतलेली नाही. स्वतःच्या वडिलांमागच्या सुतकातून ती त्यांना मिळाली. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा ठाण मांडून बसतो, आणि आईला सगळं ठाऊक आहे. इथं प्रेमापायी कुणी मरत नाही, कुणाला बरं व्हायचं नाही.

मग खान्देश कुठं आहे? इथला पडदा आता मोबाइलवर आहे. अहिराणी गाणी आणि विनोदी फिती घरोघर पाहिल्या जातात, पण त्यात साडी नेसलेला गडी दिसला की हशा ठरलेला. तमाशातल्या नाच्याचा वारसा आपण फक्त हसण्यापुरता ठेवला. जगणं मात्र पुढं गेलंय. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानं स्त्री म्हणून अर्ज भरला, तो फेटाळला गेला, औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये तिच्या बाजूनं कौल दिला आणि गावानं तिला निवडून दिलं. लिंगओळख आणि समलिंगी प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं. पण मी कोण हे मीच सांगणार, हा हट्ट एकच. मतदारांना तो पटला. आमच्या दिग्दर्शकांना अजून पटायचा आहे.

सामग्री तर दारातच आहे. सुतकात ‘दारावर’ बसायला आलेली माणसं, गंधमुक्तीचा स्वयंपाक, आणि त्यातूनही कुणीतरी म्हणणारच, ‘औंदा तरी लगन करी टाक ना भो.’ त्यावर पोरगा शेजारी बसलेल्याकडं बोट दाखवून सांगतो, ‘हाऊ मन्हा दोस्त शे.’ चहाच्या टपरीवर रोज ऐकू येणारं वाक्य. पडद्यावर ते उच्चारल्यावर थिएटरात हशा पिकला नाही, तर अहिराणी सिनेमा वयात आला म्हणायचा.