हरभऱ्याची मालकी

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून खाद्यभ्रमंतीचे लेख हल्ली नेमाने येतात. आडबाजारातली एखादी खानावळ लेखकाला 'सापडते'. गल्ली किती अरुंद होती याचे वर्णन दोन रकाने चालते, आणि पदार्थाच्या वाट्याला 'अप्रतिम' एवढे एकच विशेषण येते. या लेखनप्रकाराविषयी आमची तक्रार जुनी. परंतु ती करण्याचा आम्हांला अधिकार किती, हा प्रश्न परवा उद्यमबागेत पडला.

टिळकवाडीत आमची हयात गेली. तेथून खानापूर रस्त्याने उद्यमबाग ती केवढी दूर! तेथे फौंड्र्यांच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, पाटी नसलेली एक खानावळ आहे. आम्ही झुणका-भाकरी मागितली. झुणका कोरडा व मोकळा. पीठ कच्चे नाही की करपलेले नाही, कांदा विरलेला, लसूण मात्र जागेवर. शेजारी गुरेळाची चटणी, तीवर तेलाची धार. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात. "शोध लागला!" असे आम्ही स्नेह्यांना म्हणालो. समोरच्या बाकावरचा ओतारी हसून म्हणाला, "काका, आम्ही अठरा वर्षं इथंच जेवतोय की."

आम्ही ओशाळलो. त्यातून सावरतो न सावरतो तोच, ज्याला आम्ही मनातल्या मनात 'आपला' म्हणत होतो तो झुणका वाढण्याविषयी आतल्या बाईंनी कन्नडमधून हाक दिली. शब्द तोच, झुणका! झुणकद वडी तर त्यांच्याकडेही घरोघर होते.

हरभऱ्याच्या मालकीचा वाद आपणच घालतो असे नव्हे. अरबीत 'हुम्मुस' म्हणजे नुसता हरभरा. तो शिजवून तिळाच्या वाटणात, लिंबू-लसणीसह घोटला की त्याच नावाचा पदार्थ होतो. तो कोणाचा, यावरून लेबनॉन व इस्राएल यांच्यात एवढी चुरस की, २०१० साली लेबनॉनमध्ये १०,४५२ किलो हुम्मुस एकाच थाळ्यात केले गेले. आकडा देशाच्या क्षेत्रफळाचा, चौरस किलोमीटरांतला! चवीचा उल्लेख कोठे आढळत नाही. (सीमाप्रश्नात आयुष्य गेलेल्यांनी हसू नये.)

१९७० च्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगले वाटी-चमच्याची मापे देतात. वाचणाऱ्याच्या हाती काही लागते. खाद्यसमीक्षेने निदान इतके तरी करावे. म्हणून निघताना आम्ही बाईंना पाण्याचे प्रमाण विचारले. त्या मराठीतच म्हणाल्या, "ओतायचं नाही. हातानं शिंपडायचं, आणि झाकण ठेवायचं."