कुणी हरवलेलं शहर?

मराठीत ‘हरवणं’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. मी किल्ली हरवली, आणि मी त्याला बुद्धिबळात हरवलं. ‘हरवलेलं शहर’ म्हटलं की आपल्या मनात फक्त पहिला अर्थ येतो. घनदाट जंगल, वेलींखाली गाडली गेलेली दगडी बांधकामं, आणि कुणीतरी येऊन आपल्याला शोधेल म्हणून शतकानुशतकं ताटकळलेलं एक गाव. लढून, जाळून पाडाव केलेलं शहर हा दुसरा अर्थ आपल्याला सुचतही नाही. कोलंबियातल्या ‘सिउदाद पेर्दिदा’विषयी जे लिहिलं आणि चित्रित केलं गेलंय, ते वाचता-बघताना मला सारखं वाटत राहिलं की गडबड याच दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी आहे.

सिउदाद पेर्दिदा या स्पॅनिश नावाचा अर्थच हरवलेलं शहर. कोलंबियाच्या उत्तर टोकाला, कॅरिबियन समुद्राला खेटून सिएरा नेवादा दे सांता मार्ता नावाचा पर्वत उभा आहे. किनाऱ्यापासून अवघ्या ४२ किलोमीटरवर त्याची बर्फाच्छादित शिखरं सुमारे ५,७०० मीटर उंची गाठतात. त्याच्या उत्तर उतारावर, बुरिताका नदीच्या खोऱ्यात, इसवी सन ८००च्या आसपास वसलेलं तायरोना लोकांचं हे शहर. तिथले आदिवासी त्याला तेयुना म्हणतात. गाडीरस्ता तिथपर्यंत जात नाही. अधिकृत गाइड घेऊन चार-पाच दिवस चालायचं, नद्या ओलांडायच्या, रात्री मच्छरदाणीत झोपायचं, सामान खेचरांवर. वाटेत कोगी आणि विवा समाजांच्या वस्त्या लागतात. शेवटी नदीपासून सुमारे १,२०० दगडी पायऱ्या चढल्या की वर हिरवळीनं मढलेले गोल चौथरे दिसतात. मी ही वाट चाललेले नाही. इथे मी लिहितेय ते ही वाट कशी सांगितली जाते त्याबद्दल.

या ट्रेकची ब्लॉग आणि व्हिडिओंमधली वर्णनं एकापाठोपाठ एक बघितली, तर त्यांचं व्याकरण एकच आहे हे लगेच लक्षात येतं. पहिला दिवस घाम आणि चिखलाचा. दुसऱ्या दिवशी ‘पारंपरिक गाव’: गवताच्या शंकूसारख्या छपरांची गोल घरं, पांढऱ्या कपड्यांतली अनवाणी मुलं, खांद्याला विणलेल्या झोळ्या. तिसऱ्या दिवशी पायऱ्या, मग अवशेष, मग ड्रोन. चौथ्या दिवशी परतीचा थकवा आणि ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’. यात गाव ही प्रस्तावना आणि अवशेष हा कळस. जिवंत माणसं वाटेत लागतात, निर्जन दगड हे मुक्कामाचं ठिकाण. गावातली माणसं या गोष्टींमध्ये जवळजवळ कधीच बोलत नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यालाच ‘गूढ’ म्हटलं जातं. रोज आपल्या दारावरून घामाघूम अनोळखी लोकांचे जथे जायला लागले तर आपणही फार बोलणार नाही, ही साधी शक्यता कुणाच्या मनात येत नाही.

या व्याकरणाची मुळं ‘शोधा’च्या गोष्टीत आहेत. ती नेहमी अशी सांगतात: १९७२ साली थडगी उकरून सोनं काढणाऱ्या लुटारूंना, म्हणजे तिथल्या भाषेत ग्वाकेरोंना, जंगलात या पायऱ्या सापडल्या. सोन्याच्या आणि मातीच्या वस्तू बाजारात यायला लागल्या, लुटारूंमध्ये भांडणं झाली, खून पडले. १९७६मध्ये सरकारी पुरातत्त्वज्ञ पोचले आणि पुढची काही वर्षं उत्खनन आणि डागडुजी चालली. गोष्ट खरी आणि थरारक आहे, पण ती सुरू होते तिथेच चुकते. त्या डोंगरात राहणारे आदिवासी सांगतात की ही जागा आम्हाला कायम ठाऊक होती, आम्ही फक्त कुणाला सांगितली नाही. म्हणजे कुणीच काही हरवलं नव्हतं. १५२५ साली किनाऱ्यावर सांता मार्ता हे स्पॅनिश ठाणं वसलं. पुढची पाऊणशे वर्षं तायरोना त्या सत्तेशी झुंजत राहिले आणि १६००च्या आसपास त्यांचा शेवटचा मोठा उठाव चिरडला गेला. उरलेली माणसं डोंगरात आणखी वर सरकली. शहर हरवलं ते असं, दुसऱ्या अर्थानं.

वर्णनांमध्ये एक गोष्ट डोळ्यांसमोर असून निसटते. वरच्या अवशेषांत भिंती नाहीत, देवळं नाहीत, कमानी नाहीत. आहेत ते दगडांनी बांधून काढलेले गोल चौथरे, जवळपास १७०. माचू पिचूची सवय झालेल्या प्रवाशाला ते थोडे निराश करतात, म्हणून ड्रोन लागतो. पण हे चौथरे म्हणजे घरांची जोती आहेत. त्यांवर लाकूड आणि गवताची गोल घरं उभी होती. आता आदल्या दिवशीच्या व्हिडिओत मागे जा. कोगी वस्तीतलं गोल घर बघा आणि मनातल्या मनात त्याचं छप्पर आणि कूड काढून टाका. जे उरतं ते तुम्ही दुसऱ्या दिवशी बघायला जाता. गाव आणि अवशेष ही एकाच घराची दोन रूपं आहेत. कोगी स्वतःला तायरोनांचे वंशज मानतात ते काही भावुकपणानं नव्हे. तरीही बहुतेक वर्णनांत एकाला ‘परंपरा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘प्राचीन संस्कृती’, आणि दोन्ही जोडणारं एक वाक्यही लिहीत नाहीत.

हे जोडकाम ज्यानं मनापासून करून पाहिलं तो म्हणजे ब्रिटिश माहितीपटकार ॲलन इरेरा. बीबीसीसाठी त्यानं केलेला ‘फ्रॉम द हार्ट ऑफ द वर्ल्ड: द एल्डर ब्रदर्स वॉर्निंग’ १९९० साली आला. हा माहितीपट मला आजही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात कोगींनी कॅमेऱ्याला आपल्या अटींवर आत घेतलंय. ते स्वतःला थोरले भाऊ म्हणतात आणि आपल्याला, म्हणजे बाकीच्या जगाला, धाकटे भाऊ. डोंगरावरचं बर्फ कमी होतंय, पाणी आटतंय, धाकट्यानं जमिनीचं पोट उकरणं थांबवावं, हा त्यांचा निरोप. हवामानबदल हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. इथे तेयुना हे पर्यटनस्थळ राहत नाही. ते एका चालू संसाराचा जुना भाग होऊन समोर येतं.

पण माझी अडचण इथूनच सुरू होते. ट्रेकच्या व्हिडिओत कोगी माणूस मुका असतो, तर इरेराच्या माहितीपटात तो फक्त संदेश देण्यासाठी तोंड उघडतो. मामो, म्हणजे त्यांचे पुरोहित-ज्ञानी, समोर बसून सगळ्या मानवजातीला उद्देशून बोलतात. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्या काट्याचंच मला भय वाटतं. शेजाऱ्याशी भांडणारा, बटाट्याचं पीक बुडालं म्हणून वैतागलेला, मुलानं शहरात जावं की नाही यावर बायकोशी वाद घालणारा कोगी आपल्याला भेटत नाही. ज्याला आपण ऋषी केलं त्याला आपण माणूस असण्यातून सूट दिलेली असते. शिवाय ऋषीचं ऐकायचं नसतं, फक्त नमस्कार करायचा असतो. याचा पुरावा खुद्द इरेराच्याच दुसऱ्या माहितीपटात आहे. २०१२चा ‘अलुना’ निघाला तोच मुळी पहिला निरोप जगानं मानला नाही म्हणून. त्यात कोगी किनाऱ्यालगत चारशे किलोमीटर सोन्याचा धागा नेतात. डोंगर, नदीचं मुख आणि समुद्र एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते आपल्याला दिसेल अशा रीतीनं दाखवायला. दृश्य सुंदर आहे. पण वीस-बावीस वर्षांनी तेच सांगायला पुन्हा यावं लागणं हे पहिल्या माहितीपटाचं यश म्हणता येत नाही.

इरेराचं ‘द हार्ट ऑफ द वर्ल्ड’ हे पुस्तक मला त्याच्या माहितीपटापेक्षा सरस वाटतं. पुस्तकात तो परवानगीची वाटाघाट सांगतो: कुणाला भेटावं लागलं, किती वाट बघावी लागली, कोगींनी काय विचारलं. तिथे कोगी हिशेबी आहेत, शंकेखोर आहेत, आपसात चर्चा करून ठरवतात. म्हणजे राजकारण करतात. पडद्यावर निरोप उरला, पुस्तकात निरोप द्यायचा की नाही याचा खल उरला. मला तो खल जास्त मोलाचा वाटतो.

या वाटेवरचं राजकारण किती खरं आहे हे सांगणारी तिसरी कलाकृती अगदी वेगळ्या जातीची आहे. सप्टेंबर २००३मध्ये ई.एल.एन. या डाव्या गनिमी संघटनेनं सिउदाद पेर्दिदाला मुक्कामी असलेल्या आठ परदेशी ट्रेकरांचं अपहरण केलं. शेवटचे ओलीस सुटायला तीन महिने लागले. त्यातल्या मार्क हेंडरसनला नंतर आपल्या एका अपहरणकर्त्याकडून निरोप आला, आणि त्या संपर्कातून ‘माय किडनॅपर’ (२०१०) हा माहितीपट झाला. काही जुने ओलीस पुन्हा कोलंबियात जातात आणि त्या माणसासमोर बसतात. कुणी कुणाला क्षमा करायची, करायची तरी का, असे प्रश्न तो उघडे ठेवतो. हे त्याचं बळ. अपहरण कशासाठी, तर या डोंगरातल्या लोकांवर होणाऱ्या अत्याचारांकडे जगाचं लक्ष वेधायला, असं संघटनेचं म्हणणं होतं. म्हणजे इथेही सगळं ‘त्या लोकांच्या’ नावानं, आणि ते लोक पुन्हा चौकटीबाहेर. आठांपैकी एक तरुण सुरुवातीलाच निसटला होता. तो कित्येक दिवस जंगलात उपाशी भटकला, आणि त्याला खाऊ घालून वाचवलं ते तिथल्या आदिवासींनी. बातम्यांमध्ये त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य आलं. त्यांच्या बाजूनं ही गोष्ट कशी दिसली असेल? ती मला ऐकायचीय.

आणि गाइड. या सगळ्या वर्णनांमधलं सर्वांत वाया गेलेलं पात्र. काही गाइड आदिवासी आहेत, काही डोंगरउतारावर येऊन वसलेल्या शेतकरी कुटुंबांतले. त्यांच्या आधीच्या पिढीतले कुणी थडगी उकरून जगले, तर कुणी सत्तरच्या दशकातल्या गांजाच्या सुगीवर. वडील ज्या जागेतून सोनं काढायचे तीच जागा मुलगा आता राखतो आणि दाखवतो. रेघा कोरलेल्या एका मोठ्या दगडापाशी थांबून तो सांगतो की हा या डोंगराचा नकाशा आहे असं मानतात. त्याच्या कथनात लूट, पश्चात्ताप, पोटापाण्याची सोय आणि अभिमान हे सगळं एकदम असतं. ट्रेकच्या लेखांत मात्र तो ‘आमचा हसतमुख गाइड’ एवढाच उरतो. जो चार दिवस बोलत होता त्याच्याच वाट्याला एक विशेषण.

हे कोलंबियापुरतं नाही हे आपण ओळखून असायला हवं. सह्याद्रीतल्या ट्रेकवरचं आपलं लेखन आठवून बघा. ‘पायथ्याचं गाव’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो! गावाची ओळख काय, तर गडाच्या पायथ्याशी असणं. तिथल्या मावशींची पिठलं-भाकरी लेखात येते, मावशींना उन्हाळ्यात पाणी कुठून आणावं लागतं ते येत नाही. गडावरच्या टाक्याचं मोजमाप मात्र अचूक असतं.

मग चांगलं वर्णन कसं असेल? मला वाटतं त्याची सुरुवात नकारापासून व्हावी. दरवर्षी सप्टेंबरमध्ये सिउदाद पेर्दिदा पर्यटकांसाठी बंद असते, कारण त्या काळात आदिवासी समाज तिथे आपले विधी करतात. बहुतेक लेखांत हे ‘उपयुक्त माहिती’मध्ये एका ओळीत येतं: सप्टेंबर टाळा. माझ्या मते लेखाचा विषयच तिथे आहे. जे शहर दरवर्षी काही काळ आपल्याला दार लावून घेतं, ते हरवलेलं कसं असेल? २०२२ साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते कोगी, विवा, आर्वाको आणि कांकुआमो या चार समाजांचं ज्ञान. दगड नव्हे, ते दगड कशासाठी रचले हे अजून ठाऊक असलेली माणसं. जगाच्या कागदपत्रांना जे कळलंय ते आपल्या कॅप्शनांना अजून कळायचंय.

तेव्हा यापुढे कुणी या वाटेवरून आलं आणि लिहायला बसलं, तर माझी एवढीच मागणी आहे. पायऱ्या १,२०० होत्या हे एव्हाना आम्हाला पाठ आहे. दुसऱ्या दिवशीच्या गावात कुणी तुमच्याशी बोललं का, आणि नसेल बोललं तर का, ते सविस्तर लिहा.