सख्खी-चुलत बिअर

पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत हल्ली टेबलावर एक लाकडी फळी येते. फळीला खाचा, खाचांत चार-पाच बुटके ग्लास. एकात गढूळ पिवळी गव्हाची बिअर, दुसऱ्यात धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, तिसऱ्यात कडू आयपीए, टोकाला काळी स्टाउट. मंडळी एकेक घोट घेतात आणि आपापला निकाल जाहीर करतात. फळी दिसते झकास, पण तुलनेसाठी तिचा उपयोग बेताचाच. स्टाउट विटपेक्षा करपट असणार हे ग्लासाकडे बघूनच समजतं, त्यासाठी जिभेला त्रास द्यायला नको. माल्ट वेगळं, हॉप्स वेगळे, यीस्ट वेगळं, तेव्हा चवीतला कोणता फरक कुणाच्या खाती मांडायचा? मला मजा येते ती नात्यातल्या बिअर शेजारी ठेवायला. बरंचसं सारखं आणि मोजकंच वेगळं असलं की ते मोजकं काय करतं ते जिभेला धरता येतं.

अशी नाती बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट मठांत भरपूर आहेत. ट्रॅपिस्ट ही सिस्टर्शियन पंथाची कडक आचाराची शाखा. स्वतःच्या हातांनी कष्ट करून जगावं हा संत बेनेडिक्टचा दंडक हे मठवासी पाळतात. त्यातून कुठे चीज होतं, कुठे बिअर. १९९७ साली काही मठांनी मिळून संघटना काढली आणि षट्कोनी शिक्का आणला. माल मठाच्या परिसरात व्हावा, त्यावर देखरेख मठवासीयांची असावी आणि नफा मठाच्या गरजा भागवून समाजकार्याला जावा, या शिक्क्याच्या अटी. चव कशी असावी याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यामुळे एका मठाची बिअर दुसऱ्या मठाच्या बिअरसारखी लागण्याचं काही कारण उरत नाही, आणि ते फार बरं आहे.

अँटवर्पजवळच्या वेस्टमाले मठाची ट्रिपेल १९३४ साली बाजारात आली. आज जगभर ज्या सोनेरी, तेज बिअरला ट्रिपेल म्हणतात तिचा नमुना हीच. ग्लासात ओतली की पांढराशुभ्र, दाट फेस चढतो आणि बराच वेळ हटत नाही. नाकाला आधी पिकलेलं केळं, मागून मिरी. घोट घेतला की क्षणभर मधाळ गोडवा, आणि तो गोडवा स्थिरावतोय असं वाटेपर्यंत हॉप्सचा कोरडा कडूपणा येऊन जीभ साफ पुसून टाकतो. पुढचा घोट लगेच हवासा वाटतो, आणि इथेच धोका आहे, कारण हिच्यात मद्यार्क ९.५ टक्के आहे.

इतकी तेज बिअर अंगाला जड का लागत नाही? साखरेमुळे. उकळत्या काढ्यात घातलेली साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. मद्यार्क वाढतो पण माल्टचा चिकट दाटपणा वाढत नाही. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्येही माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर असते, आणि तिथेही मद्यार्क वर जातो. पण ती गार करकरीत असेपर्यंतच प्यावी लागते; कोमट झाली की नुसत्या मद्यार्काचा झणका उरतो. वेस्टमाले ट्रिपेल उलट दहा-बारा अंशांवर आल्यावरच बोलू लागते. केळं आणि मिरी ही दोन्ही यीस्टची देणगी आहे, आणि फ्रिजच्या थंडीत हे वास वर येतच नाहीत. तेव्हा श्रेय किंवा दोष साखरेचा नाही. साखर संपल्यावर मागे काय शिल्लक राहतं, त्याचा.

हेच यीस्ट वेस्टमालेहून दुसऱ्या मठात जातं. पश्चिम फ्लँडर्समधल्या सिंट सिक्स्टस मठाची वेस्टव्लेटेरेन १२ त्यावर आंबते. हिचा रंग गडद तपकिरी, कडेला लालसर, मद्यार्क १०.२ टक्के. ट्रिपेलच्या पाठोपाठ प्यायली तर पहिल्या घोटाला काही ओळख पटत नाही. मनुका, सुकं अंजीर, जळू लागलेल्या साखरेचा पाक, थोडं चॉकलेट. मग ग्लास हातात जरा तापू द्यावा. मनुकांच्या मागून केळं डोकावतं, घोट गिळल्यावर घशाशी मिरी लागते. स्वभाव तोच, फक्त अंगावर गडद साखरेचा जाड कोट चढवलेला. दोन्ही ग्लास शेजारी नसते तर ही मिरी मला सापडली नसती, हे मात्र खरं.

वेस्टव्लेटेरेन १२ ची कीर्ती मोठी आहे. जगातली सर्वोत्तम बिअर म्हणून तिचं नाव कितीदा तरी झळकलंय. हिच्या बाटल्यांवर वर्षानुवर्षं लेबल नसायचं; झाकण पिवळं असलं की १२, निळं असलं की ८. मठवासी मागणीप्रमाणे उत्पादन वाढवायला तयार नाहीत. पूर्वी फोनवर नंबर लावून, गाडीचा क्रमांक सांगून, ठरल्या दिवशी मठाच्या दारातून क्रेट उचलून न्यावे लागत. २०१९ पासून ऑनलाइन नोंदणी आली. एवढ्या खटपटीनंतर हाती आलेली बिअर कुणाला साधारण लागेल? मठासमोरच्या ‘इन दे व्हरेडे’ या कॅफेत मात्र ती कुठल्याही इतर बिअरसारखी मागवता येते, आणि तिथे शांतपणे प्यायल्यावर माझा कौल असा: उत्तम बिअर, पण वेस्टमालेची ट्रिपेल हिच्याहून वरच्या पायरीची. ट्रिपेल जे साधते ते उजेडात साधते. गडद पाकाच्या आडोशाला पुष्कळ काही खपून जातं.

आता वेस्टव्लेटेरेनची सख्खी बहीण. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंट सिक्स्टसच्या मठाधिपतींनी ठरवलं की बिअरचा व्याप मठाला झेपेल इतकाच ठेवायचा. १९४६ साली जवळच्याच वाटू गावातल्या एका चीज करणाऱ्याला मठाच्या नावाने बिअर करून विकण्याचा परवाना दिला गेला. मठातला ब्रूमास्टर तिकडे गेला आणि त्याच्यासोबत कृती आणि यीस्टही गेलं. हा करार १९९२ पर्यंत चालला. ट्रॅपिस्ट बिअर मठाच्या भिंतींच्या आतच व्हायला हवी असा आग्रह धरला गेल्यावर तो संपला, आणि वाटूची बिअर सिंट बर्नार्डस या नावाने विकली जाऊ लागली. तिथल्या अब्ट १२ मध्ये आजही मठातून आलेलं जुनंच यीस्ट आहे, असं वाटूवाले सांगतात. मठ स्वतः मात्र आज वेस्टमालेच्या यीस्टवर आहे. म्हणजे मूळ घर कुणाचं, हा प्रश्न भाऊबंदकीच्या दाव्यासारखाच: वाडा एकाकडे, घरातले देव दुसऱ्याकडे.

दोन्ही ग्लास रंगाने जवळपास जुळे. नाकाशी नेले की फाटा फुटतो. अब्ट १२ जास्त मोकळी आहे: केळं पुढे, लवंगेचा स्पष्ट धागा, फेस अधिक मऊ, शेवट थोडा गोडसर. वेस्टव्लेटेरेन आतल्या गाठीची: फळं कमी, जळका पाक जास्त, शेवट कोरडा. डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर पुष्कळांची फसगत होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला स्वतःला अब्ट जास्त आवडते. ती दुकानात सहज मिळते, तिच्यासाठी नंबर लावावा लागत नाही, आणि जेवणानंतर हिच्यासोबत निळ्या बुरशीच्या चीजचा तुकडा असला की दुसरं गोड लागत नाही. अब्टला ट्रॅपिस्टचा षट्कोनी शिक्का मिळत नाही. चवीला त्याचा पत्ता नसतो.

पण तुलनेचा खरा कस लागतो ऑर्वालपाशी. इथे शेजारी ठेवायला दुसरी बिअर लागत नाही. ऑर्वालचीच दुसरी बाटली लागते, जरा वय झालेली.

फ्रान्सच्या सीमेलगतचा ऑर्वालचा मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली उद्ध्वस्त झाला आणि सव्वाशेहून अधिक वर्षं पडीक राहिला. १९२६ पासून तो पुन्हा उभारायला घेतला, आणि बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ साली ब्रुअरी निघाली. पहिला ब्रूमास्टर जर्मन होता. मठाचा वास्तुकार आंरी व्हाएस याने ग्लासही घडवला. लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा आहे: टस्कनीची माटिल्डा हिची झऱ्यात पडलेली अंगठी माशाने वर आणून दिली, अशी आख्यायिका. बाहेर विकायला मठ एकच बिअर करतो, ६.२ टक्क्यांची. दुसरी, हलकी, मठवासीयांसाठी आणि जवळच्या कॅफेसाठी.

ही एकच बिअर एकसारखी राहत नाही, याची व्यवस्था तिच्या घडणीतच आहे. मुख्य आंबवण झाल्यावर टाकीत पुन्हा हॉप्स घालतात, आता उकळण्यासाठी नव्हे, निव्वळ वासासाठी. आणि तिथेच ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्टही सोडतात. हॉप्सचा वास आल्या दिवसापासून उतरणीला लागतो. ब्रेटॅनोमायसिस मात्र आळशी आणि चिवट. साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा ते महिनोन्महिने बाटलीत खात बसतं. बिअर कोरडी होत जाते, वायू वाढत जातो. लवंगेसारख्या वासाच्या द्रव्यांचं ते कातडं आणि गोठ्याची आठवण देणाऱ्या द्रव्यांत रूपांतर करतं. लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते ती उगाच नाही.

ताजी ऑर्वाल नारिंगी रंगाची, संत्र्याच्या सालीच्या आणि चुरडलेल्या हिरव्या पाल्याच्या वासाची. कडूपणा धारदार, मागे माल्टचा किंचित गोडवा. एखादी चांगली पेल एल म्हणून कुणी प्यायलं तर चुकलं म्हणता येणार नाही. वर्ष उलटलेली ऑर्वाल उघडली की फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत धावत येतो. संत्रं गेलेलं असतं. वाळलेलं गवत, जुनं खोगीर, पावसाळ्यातला गोठा, किंचित आंबटाची झाक. जिभेवर खडखडीत कोरडेपणा. नवख्याला बाटली खराब निघाली असं वाटतं. दोन्ही आलटून पालटून प्यायल्या तर मात्र म्हातारीत तरुणीचा कडूपणा अजून उभा दिसतो, आणि तरुणीत, नीट शोधलं तर, गोठ्याचा पहिला वास. बेल्जियमच्या काही कॅफेंत ‘तरुण की जुनी’ असं विचारूनच ऑर्वाल देतात. मी सहा-आठ महिन्यांची मागतो. त्या वयात एक वास मावळत असतो, दुसरा नुकता चढत असतो, आणि एकाच घोटात दोघांचीही चव लागते.

या सगळ्या बाटल्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ बसतो. ओतताना बाटली हळूहळू तिरपी करायची आणि शेवटचं बोटभर आत सोडायचं, अशी रीत आहे. वेस्टमालेची सोनेरी चमक या गाळाने गढूळ होते आणि कडूपणाची धार बोथट होते. पण पुष्कळ बेल्जियन माणसं तो गाळ फुकट घालवत नाहीत. छोट्या ग्लासात वेगळा ओतून पितात, तब्येतीला चांगला म्हणून. मीही पिऊन पाहिला. केळं नाही, मिरी नाही, संत्रं नाही. पावाच्या कच्च्या पिठासारखा, थोडा कडवट. आणि बेल्जियन माणूस म्हणतो तसं तब्येतीचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण त्याआधी मी साडेनऊ टक्क्यांची अख्खी बाटली प्यायलेलो होतो.