‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणजे नक्की कुणाची?

डिजिटल अ‍ॅक्सेसिबिलिटीवर वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘ही सगळ्यांची जबाबदारी आहे.’ ऐकायला छान. पण बारभाईंच्या कारभारात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा ‘एआरआरएम’ हा आराखडा इथे एक पाऊल पुढे जातो. तो कामांची फोड करतो आणि प्रत्येक कामाला मुख्य जबाबदार, दुय्यम जबाबदार आणि सहभागी अशा भूमिका नेमतो. उदाहरणार्थ, चित्राचं शब्दांत वर्णन लिहिणं हे मजकूर लिहिणाऱ्याचं काम, ते स्क्रीन रीडरपर्यंत पोचवणं डेव्हलपरचं, आणि अक्षरं व पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट ठेवणं डिझायनरचं. ही स्पष्टता मोलाची आहे. पण माझा आक्षेप असा: या तक्त्यात काम दिसतं, अधिकार दिसत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. समजा, चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी खारट होण्यावर एक मराठी प्रबंध आहे. पानावर ‘चौल’ स्वच्छ दिसतं, पण पीडीएफमध्ये शोधलं तर काहीच सापडत नाही. कारण टायपिंग जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झालंय: डोळ्याला देवनागरी, संगणकाला रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडरही तेच बडबडतो. अंध विद्यार्थ्यासाठी तो प्रबंध नसल्यातच जमा.

आता जबाबदार कोण? फॉन्ट डीटीपीवाल्याने निवडला, पण तो कुठल्याच तक्त्यात नाही. गाईडनी छापील प्रत तपासली. ग्रंथालयाने पीडीएफ आली एवढं पाहिलं. यूजीसीच्या २००९च्या नियमावलीने इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, पण इलेक्ट्रॉनिक म्हणजे वाचता येणारी असं नव्हे. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि तरी प्रबंध बंदच राहिला.

८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच दुखणं मोठ्या पातळीवर दाखवलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचा नियम १५(१) त्यांनी रद्दबातल ठरवला, कारण त्यातली मार्गदर्शक तत्त्वं शिफारशीच्या स्वरूपाची होती. काही किमान निकष सक्तीचेच हवेत, असं न्यायालयाचं म्हणणं. टीमच्या आतही हेच लागू पडतं. ‘हे असं जाणार नाही’ म्हणून काम थांबवायचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या नावापुढे जबाबदारी लिहून उपयोग काय?

म्हणून या विषयावर संशोधन करणार असाल, तर ‘तुम्हाला अ‍ॅक्सेसिबिलिटी माहीत आहे का?’ अशी प्रश्नावली वाटत बसू नका. त्यातून जाणीव मोजली जाते, कारण सापडत नाही. एक बिघडलेली फाइल घ्या, ती कुणाकुणाच्या हातून गेली ते मागे जात शोधा, आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा: इथे कोण थांबवू शकत होतं, आणि का थांबवलं नाही?

सुरुवात स्वतःच्या सिनॉप्सिसपासून करा. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली नाही, तर छापायला देण्याआधी थांबवायचा अधिकार निदान या फाइलपुरता तुमच्याकडे आहे.