नकारातील वारसा : ब्रिटिश पोस्ट-पंक संगीतावरील सायकेडेलिक रॉकचा प्रभाव

प्रस्तावना

कोणतीही कलाचळवळ आपल्या आगमनाच्या वेळी पूर्वसुरींना नाकारते. मात्र जाहीरपणे केलेला नकार आणि प्रत्यक्ष निर्मितीत मुरलेला वारसा या दोन भिन्न गोष्टी असतात. ब्रिटनमधील पोस्ट-पंक संगीत हे याचे बोलके उदाहरण होय. १९७६-७७ मध्ये पंक संगीताने रॉकची पाटी कोरी केल्याचा दावा केला. त्यानंतर त्याच पिढीतील कलावंतांनी जे प्रयोगशील संगीत निर्माण केले, त्यास पोस्ट-पंक अशी संज्ञा आहे. समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी 'रिप इट अप अँड स्टार्ट अगेन' (२००५) या ग्रंथात १९७८ ते १९८४ हा त्याचा कालखंड मानला आहे. या संगीताने सायकेडेलिक रॉककडून काय स्वीकारले आणि काय टाकले, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नकाराचे स्वरूप

ब्रिटनमध्ये सायकेडेलिक रॉक १९६६-६७ च्या सुमारास बहरला. एल.एस.डी.सारख्या द्रव्यांमुळे बदलणारी जाणीव ध्वनीतून व्यक्त करणे ही त्याची एक प्रमुख प्रेरणा होती. बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज' (१९६६) या गीतात तंबोऱ्याचा अखंड स्वर आणि ध्वनिफितींचे तुकडे पुनःपुन्हा फिरवून मिळवलेले आवाज एकत्र आले. पिंक फ्लॉइडच्या 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' (१९६७) या अल्बममध्ये सिड बॅरेट यांनी बालकथेचे विश्व आणि गिटारचे अनोळखी ध्वनी यांची सांगड घातली. ध्वनिमुद्रणगृह हे केवळ नोंद करण्याचे ठिकाण न राहता स्वतःच एक वाद्य बनले.

सेक्स पिस्टल्सचे गायक जॉन लायडन पिंक फ्लॉइडविषयीचा द्वेष जाहीर करणारा टी-शर्ट घालत, ही गोष्ट पंकच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. पुढे खुद्द लायडन यांनीच तो द्वेष खरा नसल्याचे सांगितले. १९७७ मध्येच 'द डॅम्ड' या पंक बँडला आपल्या दुसऱ्या अल्बमसाठी निर्माता म्हणून बॅरेट हवे होते. ते न लाभल्याने पिंक फ्लॉइडचेच ड्रमवादक निक मेसन यांनी 'म्युझिक फॉर प्लेझर'ची निर्मिती केली. पंकचा रोष मुख्यतः सत्तरच्या दशकातील भव्य रंगमंच आणि लांबलचक वादन यांवर होता. बॅरेट यांच्या छोट्या, विक्षिप्त गीतांवर नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

तंत्राचा स्वीकार, आशयाचे परिवर्तन

'वायर' या बँडच्या 'पिंक फ्लॅग' (१९७७) मध्ये सुमारे ३५ मिनिटांत २१ गीते आहेत. पुढच्याच वर्षीच्या 'चेअर्स मिसिंग' मध्ये मात्र गीते संथावली, सिंथेसायझर आला आणि गिटारचा स्वर यंत्रसाहाय्याने विरघळू लागला. हे दोन्ही अल्बम ज्या हार्वेस्ट कंपनीने काढले, तिनेच बॅरेट यांचे एकल अल्बमही प्रसिद्ध केले होते. तथापि सायकेडेलिक रॉकमध्ये विरघळलेला स्वर मुक्तीचा भास निर्माण करतो. 'वायर'मध्ये तोच स्वर अस्वस्थ करतो.

'सूझी अँड द बॅन्शीज' यांनी १९८३ मध्ये बीटल्सचे 'डिअर प्रूडन्स' पुन्हा गायिले. १९६८ मध्ये ऋषिकेशच्या आश्रमात ध्यानमग्न राहणाऱ्या प्रूडन्स फॅरो यांना बाहेर बोलावण्यासाठी जॉन लेनन यांनी हे गीत रचले होते. मूळ गीतातील आर्जव प्रेमळ आहे. सूझी यांच्या थंड, अलिप्त आवाजात आणि भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या गिटारमध्ये त्याच आर्जवाला भुलावणीचे रूप येते.

लिव्हरपूलच्या 'इको अँड द बनीमेन' यांचे उदाहरणही महत्त्वाचे आहे. त्यांच्या 'पॉर्क्युपाइन' (१९८३) या अल्बममध्ये भारतीय व्हायोलिनवादक एल. शंकर यांचे वादन आहे. १९६६ मध्ये भारतीय स्वर शांतीचे व अंतर्मुखतेचे प्रतीक म्हणून आला होता. 'द कटर' या गीतात तो धारदार होतो आणि तणाव वाढवतो.

या परिवर्तनास सामाजिक कारणही आहे. सायकेडेलिक रॉकची पिढी तुलनेने सुबत्तेच्या काळात वाढली होती. याउलट जुलै १९८१ मध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्या आणि जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. अशा काळात जाणिवेच्या विस्ताराचे स्वप्न जसेच्या तसे पाहणे कलावंतांना शक्य नव्हते.

प्रभावाच्या मर्यादा

पोस्ट-पंकमधील प्रत्येक प्रतिध्वनी सायकेडेलिक रॉकमधून आला, असे मानणे चुकीचे ठरेल. लायडन यांच्याच 'पब्लिक इमेज लिमिटेड'च्या 'मेटल बॉक्स' (१९७९) मधील खोल बेस आणि ध्वनींमधील मोकळी जागा यांचे ऋण जमैकाच्या डब संगीताकडे जाते. दुसरीकडे प्रभाव आणि अनुकरण यांतही भेद करावा लागतो. 'एक्स.टी.सी.' या बँडने १९८५ मध्ये 'द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर' हे टोपणनाव घेऊन '२५ ओ'क्लॉक' प्रसिद्ध केले. जुन्या शैलीची ती कुशल आणि आनंददायी नक्कल होती. परंतु त्यात १९६७ ला १९८५ ने विचारलेला प्रश्न नाही. 'डिअर प्रूडन्स'च्या नव्या आविष्कारात तो आहे.

निष्कर्ष

१. पोस्ट-पंकने सायकेडेलिक रॉकचे तंत्र स्वीकारले, परंतु त्यातील आशावाद नाकारला.

२. हा प्रभाव सर्वत्र सारखा नाही. डबसारख्या अन्य स्रोतांपासून तो वेगळा करूनच पाहावा लागतो.

३. जेथे जुन्या तंत्राला नव्या काळाचा ताण मिळाला, तेथेच कलादृष्ट्या सकस निर्मिती झाली.

बंडखोर चळवळींचा इतिहास केवळ त्यांच्या घोषणांवरून लिहिला, तर तो अर्धाच राहतो. लायडन यांच्या टी-शर्टवर एक विधान होते. त्यांच्या पिढीच्या ध्वनिमुद्रिकांत दुसरे ऐकू येते. समीक्षेने विश्वास ठेवायचा तो या दुसऱ्या विधानावर.