प्रवासवृत्त आणि लोकस्थिति

जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज व मराठे यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने प्रसिद्धीस आला, त्याने या लढाईसंबंधी उतारवयात एक हकीकत सांगितली. केळणा नदीस जवळपास कोठेही उतार नाही, असे वाटाडे खात्रीपूर्वक सांगत होते. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन पाहिले, तो दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. इतकी जवळ राहणारी माणसे एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय केल्यावाचून कशी राहतील, असा त्याने तर्क केला. उतार तेथे होताच. त्या दिवसाचा निकाल वाचकांस ठाऊक आहे आणि तो आठवून आम्हांस आनंद होतो असे नाही. तथापि परमुलखात नवख्या माणसाने कसे पाहावे, याचा इतका मार्मिक दाखला आम्हांस दुसरा आढळला नाही. वाटाड्याने नदी दाखविली. पाहणाऱ्याने नदीकाठची माणसे पाहिली.

आपल्या भाषेतील परदेशप्रवासाची बहुतेक पुस्तके या कसोटीस उतरत नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते. वाटाड्याने जे दाखविले तेच लेखकाने पाहिलेले असते. पुतळा, राजवाडा, संग्रहालय, धबधबा. मध्ये सामान हरवल्याची एक तक्रार आणि वरणभातावाचून झालेले हाल. धबधबा भव्य आहे हे सांगण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती. घरबसल्या आम्हीही ते सांगितले असते. अशा पुस्तकातील देशाचे नाव खोडून दुसऱ्या देशाचे घातले, तरी प्रकरणांची मांडणी बदलावी लागू नये, याहून अधिक कठोर टीका ती कोणती करावयाची?

म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाकडे पुन्हा वळावेसे वाटते. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्याचे नाव. या नावातील शब्दांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. लोकस्थिति आधी, प्रवासवृत्त मागून. ग्रंथाची रचनाही तशीच आहे. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा समुद्रप्रवास एका प्रकरणात आटोपून बाई राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार व स्त्रियांची स्थिती या विषयांकडे वळतात. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानसमारंभासाठी, जो ११ मार्च १८८६ रोजी झाला, बाई इंग्लंडहून तिकडे गेल्या. थोड्या दिवसांचा मुक्काम लांबत जाऊन १८८८ अखेरपर्यंत चालला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले आणि त्याच वर्षी हा ग्रंथही छापून निघाला. एकीकडे विधवांच्या आश्रयाची व्यवस्था, दुसरीकडे हे लेखन. त्यामुळे ग्रंथात फुरसतीचा विलास नाही. जे पाहिले त्याचा आपल्या लोकांस उपयोग काय, हा प्रश्न लेखिकेच्या मनात सतत जागा आहे.

त्या प्रश्नामुळे बाईंना नेहमी दोन तीर एकदम दिसतात. तिकडची मुलींची पाठशाळा पाहताना इकडची निरक्षर सून त्यांच्या डोळ्यांपुढे असते. तिकडे स्त्रिया मंडळ्या स्थापून दारूबंदीसारखी कार्ये कशी चालवितात हे सांगताना आपल्याकडील घराघरांतील एकाकी बाईला उद्देशून त्या बोलत असतात. बाईंची स्तुती मात्र आंधळी नाही. मूळच्या रहिवाशांचा मुलूख कसा बळकावला गेला, गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही वर्णद्वेष कसा उरला, इतक्या पुढारलेल्या देशातही स्त्रीस पुरुषाबरोबरीचा अधिकार कसा नाही, हे त्या स्पष्टपणे लिहितात. स्वतः परतंत्र देशातील, त्यात स्त्री, त्यात विधवा; परदेशात पाहुणी म्हणून गेलेल्या अशा व्यक्तीने यजमानास त्याचे दोष सांगावे, यास धैर्य लागते.

न्यूनेही आहेत. संस्थांच्या कार्याचे आकडे इतके येतात की वाचक कंटाळतो. आज ते आकडे शिळे झाल्यामुळे तर अधिकच. शिवाय बाई मदत मिळविण्यासाठी हिंडत होत्या, त्यांस घरी उतरवून घेणारे लोक धर्मशील व परोपकारी होते, आणि त्यांच्या दिवाणखान्यातील दिव्याचा उजेड कित्येक पानांवर पडलेला आहे. सुधारक स्त्रियांविषयी लिहिताना बाईंची लेखणी क्वचितच तपासनिसाची होते. त्या ठिकाणी वाटाड्याचा शब्द त्यांनी प्रमाण मानला, असे आमचे मत आहे.

याच्या अगदी उलट प्रकृतीचे पुस्तक म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. त्यांस हिंदुस्थान हाच दूरदेश. दक्षिणा मिळवावयास निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडला, झाशीचा संहार त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि अखेर मातापित्यांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आला. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते लेखन प्रसिद्ध केले. गोडसे भटजींस कशाचाही उपदेश करावयाचा नाही. दक्षिणेचा हिशेब आणि कत्तलीची भीती ते एकाच सुरात सांगतात. रमाबाईंच्या ग्रंथात ही मोकळीक नाही, हे कबूल केले पाहिजे.

‘अपूर्वाई’ने, म्हणजे १९६० पासून, प्रवासवर्णनाची तऱ्हाच पालटली. पु. ल. देशपांड्यांनी हसण्याचा विषय स्वतःस केले, आणि ते करीत असता इंग्रज माणसाकडे लक्षपूर्वक पाहिलेही. त्यांच्या अनुकरण करणाऱ्यांनी पहिली गोष्ट उचलली व दुसरी सोडून दिली. विमानात बसण्याची फजिती शंभरदा वाचल्यावर तिला कोण हसणार?

आज जालना, परतूर, अंबड येथील घरांतूनही मुले परदेशी नोकरीस गेलेली आहेत आणि आईबाप प्रथमच त्यांच्याकडे जातात. सहल-मंडळीबरोबर आठ दिवसांत पाच शहरे उरकणाऱ्यांपेक्षा हे लोक निराळे. महिनेच्या महिने ते एकाच घरात असतात. शेजारी केव्हा बोलतो व केव्हा बोलत नाही, म्हातारी माणसे कोठे राहतात, कचरा कोण उचलतो, नातवंड कोणत्या भाषेत रडते, हे सारे खिडकीपाशी बसलेल्या आजीस ठाऊक होते. ती परत आली की आम्ही तिला विचारतो, काय काय पाहिले? आणि ती बिचारी धबधब्याचे नाव सांगते.